ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

मुळशीत पावसाचा जोर आणि आपला चातुर्मास एकाच सुमारास येतात. डेंग्यूचे दिवसही तेच. पौड-पिरंगुटच्या पेठेतील आपल्या घरांत तेव्हा कोणाची अठ्ठाई, कोणाचे एकासणे, तर कोणाचा नित्याचा चौविहार चालू असतो. म्हणूनच या आजाराची एक रीत आपण जाणून घ्यावी: यात खरा धोका बहुधा ताप उतरू लागल्यावर सुरू होतो.

तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो. घरचे निर्धास्त होतात, दुकानाचे शटर वर जाते. नेमक्या याच २४ ते ४८ तासांत काही रुग्णांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, रक्त दाट होते आणि रक्तदाब घसरतो. थोड्या रुग्णांत हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. ठोके मंदावतात किंवा अनियमित होतात, धाप लागते, हातपाय गार पडतात.

मग अतिदक्षता विभागात तारेवरची कसरत सुरू होते. सलाईन कमी पडले तर रुग्ण शॉकमध्ये जातो. अधिक झाले तर दुबळ्या हृदयाला ते पेलत नाही आणि फुफ्फुसांत पाणी साचते. म्हणून लघवीचे माप तासातासाला घेतात, रक्ताचा दाटपणा वरचेवर तपासतात, खाटेपाशीच इको करतात. व्यापाऱ्यास हे सहज उमगेल. हा रोजमेळच आहे, फक्त दर तासाला जुळवायचा! रक्तदाबासाठी नॉरॲड्रेनलिन, हृदयाचे आकुंचन सुधारण्यासाठी डोब्युटामिन, गरज भासल्यास व्हेंटिलेटर, क्वचित तात्पुरता पेसमेकर. विषाणूवर थेट औषध नाही. हृदयाला सावरण्यास अवधी मिळवून द्यायचा, एवढेच वैद्यकाच्या हाती असते. यातून तरलेल्या बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते.

बाहेर बसलेले नातलग मात्र एकच विचारतात, ‘प्लेटलेट किती?’ रक्तस्राव नसताना केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवण्याचा आग्रह धरू नये. तो द्रवही अखेर हृदयावरचाच भार. पैसा आणि मोठे रुग्णालय यांनाही येथे मर्यादा आहेत. चित्रपट दिग्दर्शक यश चोप्रा यांना डेंग्यू झाला, अवयव निकामी होत गेले आणि २१ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईच्या लीलावती रुग्णालयात, वयाच्या ८०व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

तापात तपश्चर्या पुढे रेटण्याचा हट्ट मला पटत नाही. पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत. ‘सर्वसमाधि’चा आगार अशाच व्याधीसाठी आहे. गुरुमहाराजांना विचारावे, पण रुग्णाचे पाणी तोवर थांबवू नये. पाणी उकळलेलेच द्यावे, त्यात ओआरएस घालता येते.

तापाला पॅरासिटामॉल पुरे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावे. घरातील ज्येष्ठ हृदयासाठी ॲस्पिरिन घेत असतील तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे, स्टेंट असल्यास गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ताम्हिणीकडच्या गावांतून पावसाळी रात्री गाडी काढणे सोपे नाही. पोटात सतत दुखू लागले, उलट्या थांबेनात किंवा लघवी कमी झाली, तर दिवसाउजेडीच निघावे.