बनी तो बनी, नही तो परभणी!

परभणीचा माणूस पुण्यात भेटला आणि ही म्हण निघाली नाही, असं होत नाही. माझा एक मित्र सेलूचा, हिंजवडीत नेटवर्क इंजिनिअर. (नाव छापू नको म्हणाला, बॉस हे पान वाचतो!) मागच्या दिवाळीत त्याचा फोन. "यंदा बी गावाकडं जमंना बघ." कारण काय, तर त्यानेच लिहिलेला प्रोग्राम!

साहेबांकडे दोनेकशे राउटर. प्रत्येकात लॉगिन करून सेटिंग बदलायला नाइट शिफ्ट पुरायची नाही. मग पठ्ठ्याने पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. लॉगिन, बदल, तपासणी, बॉसला मेल... सगळं एकाच फाइलमध्ये, तीन हजार ओळी! अप्रेझल झकास. शिवाय फाइल दुसऱ्या कुणाला कळत नाही म्हणजे नोकरी पक्की, हा हिशोब. (खरं सांगा, तुमच्याही एक्सेल शीटमध्ये असं एखादं गुपित आहेच ना?)

मग कंपनीने दुसऱ्या मेकचे राउटर घेतले. त्यांची बोलायची भाषाच वेगळी. नव्यांसाठी लॉगिनच्या चार ओळी बदलल्या, तर जुन्यांची तपासणी बंद पडली. ती दुरुस्त केली, तर मेल जाईना. धनत्रयोदशीला ट्रॅव्हल्सचं तिकीट कॅन्सल.

तोडगा सुचवला वडिलांनी. काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, परभणी जिल्ह्यातल्या एक्स्चेंजमध्येच नोकरी गेली. पोराचं रडगाणं ऐकून म्हणाले, "अरे, सी-डॉटवाल्यांनी हे कवाच सोडवलंय की."

सी-डॉट म्हणजे 1984मध्ये सरकारने काढलेली संस्था, सॅम पित्रोदांच्या नावामुळे आपल्याला माहीत असलेली. एसी नसलेल्या खोलीतही चालेल असं 128 पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज त्यांनी केलं. कर्नाटकातल्या कित्तूरला 1986मध्ये ते सुरू झालं आणि मग देशभर गेलं. ऑपरेटरबाईंना 'जरा लावून द्या हो' म्हणायची गरज संपली.

पण खरी गंमत त्यांच्या मोठ्या एक्स्चेंजमध्ये. ते अखंड मशीन नव्हतंच. ग्राहकांच्या लाइन सांभाळणारं बेस मॉड्यूल, बेस मॉड्यूलना एकमेकांशी जोडणारं सेंट्रल, देखरेखीचं वेगळं. सॉफ्टवेअरचीही तशीच वाटणी. गिऱ्हाईक वाढलं की आणखी एक बेस मॉड्यूल जोडा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. हेच बेस मॉड्यूल थोडा बदल करून लांबच्या गावातही ठेवता यायचं. रस्त्याच्या कामात केबल तुटली, मोठ्या एक्स्चेंजशी संपर्क गेला, तरी गावातल्या गावात फोन लागायचा!

मित्राने फाइल फोडली. राउटरशी जोडणी एकाकडे, प्रत्येक मेकची भाषा जाणणारा भाग स्वतंत्र, तपासणी वेगळी, बदल फसला तर पूर्ववत करणं वेगळं. कुणी कुणाला काय द्यायचं आणि काय घ्यायचं, एवढंच आधी ठरवलं. आता नवा मेक आला की एकच भाग नवा लिहायचा. 2012मध्ये आलेलं अ‍ॅन्सिबल याच तत्त्वावर चालतं, ते त्याला तेव्हा माहीत होतं. "पण मग माझं काय उरलं असतं?" हे त्याचं प्रामाणिक उत्तर.

अर्थात नुसते तुकडे करून भागत नाही. 4 ऑक्टोबर 2021 आठवतोय? फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सहाएक तास गायब! देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांचं सगळं मुख्य नेटवर्क तुटलं. अशी कमांड अडवणारं टूल होतं, त्यातच बग निघाला. दुरुस्तीची आतली साधनंही त्याच नेटवर्कवर, तीही बंद. म्हणजे दिसायला भाग वेगळे, पण टांगलेले एकाच खुंटीला. सेलूच्या भाषेत, 'बनी तो बनी'!

आमच्या मित्राने हे वाचून पूर्ववत करायचा भाग आणखी एका वेगळ्या लाइनवरून चालेल असा केला. मग सगळं ज्युनिअरला शिकवलं आणि संक्रांतीला चार दिवस घरी गेला. हुरडा झाला, गंगाखेडला जनाबाईचं दर्शन झालं, मधे एका रात्री ज्युनिअरने बदलही केले. ऑफिसचा एकही फोन नाही.

"बरं वाटलं असेल ना?" मी विचारलं.

"दोन दिवस लई बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मीच केला ऑफिसला फोन."