जुन्या जीपची उंची वाढवू नका

पावसाळ्यात गोराई-मनोरीच्या वाड्यांतून भाजीपाला बाहेर काढण्यास चारही चाकांना जोर देणारी जुनी महिंद्र जीप उपयुक्त ठरते, यात शंका नाही. परंतु चिखलासाठी म्हणून घरीच तिची उंची वाढवून मोठे टायर बसविणे आमच्या मते हितावह नाही. उंचीबरोबर गुरुत्वमध्य वर जातो व उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. मोठ्या टायरांमुळे ब्रेकवरील भारही वाढतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार मालकास करता येत नाही. तोच पैसा ब्रेक, स्प्रिंगपाटे आणि खोल नक्षीचे योग्य मापाचे टायर यांवर खर्चावा. पुढील चाकांचा जोर चिखलातच जोडावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो सोडवावा, अन्यथा वळणावर दातचक्रांवर ताण येतो. बागायतदार बंधूंनी ही डागडुजी मृगापूर्वीच उरकून घ्यावी.