काढता येणारी लाट

मराठी माणसाला पक्क्याचं भारी वेड. घर पक्कं हवं, नोकरी पक्की हवी, रस्ता पक्का हवा. मुलगी पाहायला गेलो, तर चहाचा कप बशीत परत टेकायच्या आत कुणीतरी मावशी विचारतेच, ‘‘मग पक्कं समजायचं ना?’’ उलट ‘तात्पुरतं’ हा शब्द आपण नाक मुरडूनच उच्चारतो. तात्पुरत्या नोकरीवाल्याला कुणी मुलगी देत नाही, तात्पुरत्या भाडेकरूला कुणी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलू देत नाही. आणि ‘कच्चा’ म्हणजे तर काय, लिंबूच!

तर वाचकहो, मी आज या पक्क्याविरुद्ध भांडायला उभा आहे. माझा पक्ष तात्पुरत्याचा. नेमकं सांगायचं तर काढता येणाऱ्या वस्तूंचा. साक्षीदार म्हणून मी एक फळी आणली आहे. हातभर लांब, पांढऱ्या प्लास्टिकची आणि पाठीवर दोन काळे रबरी कप असलेली. दिसायला ती पोळपाट आणि गाडीचा आरसा यांच्या मिश्रविवाहातून झालेल्या अपत्यासारखी आहे. पण ती लाट घडवते.

माझा भाचा अमेरिकेत, टेक्सासात, ऑस्टिनजवळ असतो. तिथे लेक ट्रॅव्हिस नावाचं तळं आहे. तळं म्हणजे मॅन्सफील्ड धरणाने अडवलेलं कोलोरॅडो नदीचं पाणी. (ही टेक्सासातली कोलोरॅडो, दुसरी, दऱ्याखोऱ्यांची प्रसिद्ध कोलोरॅडो वेगळी. अमेरिकेतही एका आडनावाची दोन घराणी असतात.) चार मित्रांनी मिळून तिथे एक जुनी मोटरबोट घेतली आहे. त्या बोटीमागे जी लाट उठते, तिच्यावर फळी घेऊन उभं राहायचं, असा खेळ आहे. आधी बोटीला बांधलेली दोरी धरायची. लाट पायाखाली नीट सापडली की दोरी सोडून द्यायची. मग बोट पुढे, लाट मागे आणि लाटेवर आपण. वेग ताशी सोळा-अठरा किलोमीटर, म्हणजे पाम बीच रोडवर पहाटे तंदुरुस्त माणसं सायकल हाणतात तेवढाच. अट एकच : बोटीचा पंखा बुडाखाली, पुढे सरकवलेला हवा. मागे इंजिन लोंबणाऱ्या बोटीच्या इतक्या जवळ पाण्यात उतरणं म्हणजे मिक्सरमध्ये चमच्याऐवजी हात घालणं.

आता लाट मुळात उठते कशी, तेही ऐका. बोट पाण्याला दोन्ही बाजूंना सारत जाते. ती पुढे सरकली की मागे जागा मोकळी होते आणि दोन्हीकडचं पाणी त्या जागेवर धावून येतं. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाची वेळ झाली आणि दोन्ही दारं एकदम उघडली की जे होतं, तेच इथे होतं. दोन्ही बाजूंची गर्दी मधोमध आपटते, नुसता फेस होतो, धड कुणालाच बसता येत नाही. पण उजव्या दारात एखादे जाडजूड मामा उभे केले आणि तिकडची गर्दी क्षणभर अडवली, तर डाव्या दाराची माणसं कशी ओळीने, शिस्तीत येऊन बसतात! ही फळी म्हणजे ते मामा. बोटीच्या मागच्या टोकाला, उजव्या अंगाला ती थोडी बाहेर कलती लावायची. उजवीकडचं पाणी बाहेर फेकलं जातं, मागे यायला त्याला उशीर होतो आणि डावीकडे काचेसारखी स्वच्छ, उंच लाट उभी राहते.

म्हणजे खटपट उजवीकडे आणि लाट डावीकडे. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

असली झडप बोटीलाच कायमची बसवून विकणाऱ्या कंपन्या अमेरिकेत आहेत. मालिबू या कंपनीने २०१२ च्या सुमारास ती आणली आणि पुढे पेटंटवरून नॉटिक आणि मास्टरक्राफ्ट या कंपन्यांशी तिचे खटले झाले. पाण्यावरच्या लाटेसाठी कोर्टात जाणारी माणसं आहेत हे कळल्यापासून आपल्याकडच्या बांधाच्या भांडणांविषयी माझा आदर वाढला आहे. बांध निदान दुसऱ्या दिवशी जागेवर तरी असतो.

पण भाच्याची बोट जुनी, खिसा चौघांत वाटलेला आणि अंगात ताईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, रक्त. डिसेंबरात रजेवर नेरूळला आला तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी ताईचा भाजी चिरायचा जाड पांढरा बोर्ड उलटसुलट करून पाहिला. ‘‘पाण्यात कुजत नाही, उन्हात तडकत नाही, मामा, हेच पाहिजे.’’ ताईने तो बोर्ड परत हिसकावून घेतला, तेव्हा आम्ही तुर्भ्याला एमआयडीसीत जाऊन त्याच जातीची जाड शीट घेतली. मोठमोठ्या काचा उचलायला काचवाले वापरतात ते छोट्या पंपाचे रबरी कप घेतले. आणि फळी अन् कप यांचं लग्न लावायला स्टीलचं ब्रॅकेट करून घ्यायचं म्हणून एका फॅब्रिकेटरकडे गेलो.

इथे पक्क्याच्या पक्षाची पहिली फेरी झडली. फॅब्रिकेटरने कागद पाहिला, कप पाहिले आणि आमच्याकडे दयेने पाहिलं. ‘‘साहेब, हे कप कशाला? दोन बोल्ट मारून फिक्स करून टाका ना. आयुष्यभर हलणार नाही.’’

‘‘पण मला हलायला हवंय,’’ भाचा म्हणाला.

फॅब्रिकेटरने माझ्याकडे पाहिलं. मुलगा बरेच दिवस बाहेर असतो, एवढंच मी सांगितलं.

त्याच संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी फळी पाहायला आले. त्यांचं मत ॲराल्डाइटचं पडलं. तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर रिव्हेटच्या बाजूचे निघाले. आमची ही म्हणाली, ‘‘एवढी मेहनत घेतोय तर पक्कं तरी करून घे बाई.’’ (पुरुषाला ‘बाई’ म्हणण्याइतका जिव्हाळा ती क्वचितच दाखवते.) एका फळीवर चार माणसांची चार मतं, पण भोक पाडावं किंवा चिकटवून टाकावं यावर सगळ्यांचं एकमत! चालत्या बोटीच्या अंगाला भोक पाडलं तर त्यातून पाणी येतं, ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही.

पक्क्याच्या पक्षाचा मुख्य मुद्दा असा की, जे निघू शकतं त्याचा भरवसा काय? मी म्हणतो, पुष्कळ आहे. त्या कपातली हवा काढून घेतली की बाहेरची हवा त्याला दाबून धरते आणि ही हवा दिसते तेवढी हलकी नसते. चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो भार! माग्डेबर्गच्या ओट्टो फॉन गेरिकेने १६५७ साली तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्हीकडून आठ-आठ घोडे जुंपले, तरी ते सुटता सुटेनात. मग झडप उघडून हवा आत सोडली आणि ते आपसूक वेगळे झाले. मला यात सोळा घोड्यांपेक्षा ती झडप मोठी वाटते. धरावं तर असं, आणि सोडावं तर असं!

आणि भाचा त्या कपावरही आंधळा भरवसा ठेवत नाही. कपाच्या पंपावर लाल रेघ असते. ती दिसू लागली की हवा शिरते आहे, पुन्हा पंप मारा. शिवाय फळीला दोरी बांधलेली आणि दोरीला तरंगणारा फुगा. निसटली तरी बुडायची नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाने उठून बघावं लागतं. माझा मुद्दा तोच आहे. काढती वस्तू माणसाला जागं ठेवते. बोल्ट मारला की माणूस निर्धास्त झोपतो आणि ज्याच्या अंगावर लाट जाते तो जागा राहतो.

कारण लाट कुणाच्या तरी अंगावर जातेच. अशी मुद्दाम वाढवलेली लाट किनारा खाते, उथळ पाण्यातला गाळ ढवळते, वल्ह्याच्या होड्या कलंडवते. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २०२४ साली नियमच केला : हा खेळ किनाऱ्यापासून पाचशे फूट दूर आणि निदान वीस फूट खोल पाण्यातच खेळायचा. भाच्याच्या तळ्यावर तो नियम लागू नाही. पण समोर कुणी म्हातारा गळ टाकून बसलेला दिसला की ही मंडळी वेग उतरवतात, फळी फटकन काढून बोटीत ठेवतात आणि हळूच निघून जातात. भागीदारांपैकी एकजण स्वतःच मासे धरतो. त्याच्या रविवारी फळी घरीच असते. बोल्ट मारला असता तर चौघांची मैत्री त्याच बोल्टवर फाटली असती.

आता आपल्या खाडीकडे या. खटपट उजवीकडे आणि लाट डावीकडे, हे ध्यानात आहे ना? फळी बसवणाऱ्याला लाट लागत नाही. ती पलीकडे उठते. नवी मुंबईत आपण सगळे उजवीकडे बसून बोल्ट मारत आलो आहोत. मंडपासाठी रस्त्याला भोकं. मंडप पाच दिवसांचा, भोकं पुढच्या पावसाळ्यापर्यंत. नेरूळला जेट्टी बांधली, तिच्या वाटेवर मोठा फलक पक्का रोवला. २०२४ च्या सुरुवातीला त्या फलकावर आदळून फ्लेमिंगो मेले. तेव्हा त्या जेट्टीवरून नियमित बोटही सुटत नव्हती! लोकांनी ओरड केल्यावर फलक काढला. फलक काढता आला म्हणून काढला. शेजारच्या डीपीएस तळ्याची भरतीचं पाणी आत येण्याची वाट बुजली आणि तळं कोरडं पडू लागलं, तेव्हा मात्र ते इतकं सोपं राहिलं नाही. २०१५ साली ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगोंचं अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली त्याला रामसरचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. एवढा मान मिळालेल्या पाहुण्यांच्या ताटातलं पाणी आपण तोडायचं आणि चौकाचौकांत त्यांचे गुलाबी पुतळे मात्र पक्के बसवायचे, याला काय म्हणावं?

विमानतळाविरुद्ध मी बोलत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचं उद्घाटन झालं तेव्हा पेढे मीही खाल्ले. पण उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. ती टेकडी आता पंप मारून परत बसवता येत नाही. काही गोष्टी पक्क्याच कराव्या लागतात, कबूल. मग निदान ज्या तशा नाहीत, त्यांना तरी भोक पाडू नका!

आणि हे शहाणपण टेक्सासातून आणायला नको. ते दिवाळ्याच्या आणि सारसोळ्याच्या कोळ्यांकडे पिढ्यान् पिढ्या आहे. जाळं भरतीबरोबर लावायचं, ओहोटीबरोबर काढायचं. होडी वर ओढून ठेवता येते. पावसाळ्यात माशांच्या विणीच्या दिवसांत यांत्रिक बोटींची मासेमारी दोन महिने बंद राहते आणि नारळ सोडल्यावर पुन्हा समुद्र खुला होतो. म्हणजे हा माणूस आपला अख्खा धंदाच वर्षाकाठी काढून बाजूला ठेवतो आणि पुन्हा बसवतो. त्याला आपण मागासलेला म्हणतो आणि बाल्कनीला तिसऱ्यांदा ग्रिल ठोकणाऱ्याला प्रगतिशील!

तेव्हा माझी मागणी साधी आहे. या शहरात कुणीही काहीही बसवायला निघाला, मग तो मंडप असो, फलक असो, जेट्टी असो की शेडवरचा भोंगा, तर त्याला बसवायची परवानगी मागू देऊ नका. आधी काढून दाखव म्हणावं. काढता येत असेल तर खुशाल बसव. येत नसेल, तर पलीकडच्या अंगाला कोण बसलाय ते आधी जाऊन बघ, त्याला विचार, आणि मगच बोल्टाला हात लाव.

हा ठराव मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडला. सेक्रेटरींना तो फारच आवडला. संगमरवरावर कोरून गेटच्या खांबात पक्का बसवून टाकू, म्हणाले.