नेपाळला आपल्या राज्य संघांशी चार-चार दिवस खेळू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष आणि पदाधिकारी,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, मुंबई



एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला वापीला नेपाळचा संघ गुजरात आणि बडोद्याशी टी-ट्वेंटी सामने खेळून गेला. जूनमध्ये विश्वचषकात हाच संघ दक्षिण आफ्रिकेकडून अवघ्या एका धावेने हरला. ऑगस्टमध्ये तो बंगळुरूला राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत सरावाला आला. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये शारजात त्याने वेस्ट इंडिजला टी-ट्वेंटी मालिकेत २-१ असे हरवले; त्यातला दुसरा सामना तर ९० धावांनी जिंकला. या प्रगतीत आपल्या मंडळाचा वाटा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. तरीही वापीचे सामने काय किंवा बंगळुरूचे शिबिर काय, दोन्ही निमंत्रणावरचे प्रसंग होते. पुढच्या वर्षी ते होतीलच असे कुठे लिहिलेले नव्हते आणि दोन्हींमध्ये चार दिवसांचा एकही सामना नव्हता. माझी मागणी साधी आहे: नेपाळला दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात, आपल्या बलाढ्य राज्य संघांशी बहुदिवसीय सामने खेळायला मिळावेत आणि ते वेळापत्रकात छापलेले असावेत.

आपण स्वतः क्रिकेट कसे शिकलो ते आधी आठवू या. मुंबईच्या पारशांचा संघ १८८६ मध्ये इंग्लंडला गेला, २८ सामने खेळला आणि एक जिंकला. समोर बहुतेक हौशी आणि क्लबचे संघ होते, तरी ही गत. दोनच वर्षांनी ते पुन्हा गेले. या वेळी ३१ पैकी आठ सामने जिंकले आणि डॉ. मेहेल्लाशा पावरींनी १७० बळी घेतले. मग १९११ मध्ये अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या कौंटी संघांशी खेळायला गेला. प्रथम श्रेणीचे १४ सामने झाले, त्यातले दोन जिंकता आले, पण त्याच दौऱ्यात पालवणकर बाळूंनी शंभरावर बळी मिळवून इंग्रज फलंदाजांना डावखुरी फिरकी म्हणजे काय ते दाखवले. पहिली कसोटी त्यानंतर २१ वर्षांनी, १९३२ मध्ये लॉर्ड्सला झाली. या सगळ्या काळात आपल्याला घडवणारा प्रतिस्पर्धी इंग्लंडचा राष्ट्रीय संघ नव्हता. लेस्टरशायर, सॉमरसेट यांच्यासारखे, आपल्यापेक्षा एक-दोन पायऱ्या वर असलेले प्रादेशिक संघ होते. एवढ्या अंतरावरच्या संघाकडून हरलो तर काय चुकले ते कळते, आणि पुढच्या वेळी दुरुस्त करता येते. फार वरच्या संघाकडून हरल्यावर फक्त धावफलक लक्षात राहतो.

याचा उत्तम दाखला आपल्याच देशात आहे आणि त्याची आठवण मंडळाला करून द्यावी लागते याचे थोडे नवल वाटते. १९५२-५३ च्या हंगामापासून मद्रास आणि सिलोन यांच्यात गोपालन करंडकाचे सामने होऊ लागले. क्रिकेट आणि हॉकी या दोन्ही खेळांत भारताकडून खेळलेल्या एम. जे. गोपालन यांच्या नावाचा हा करंडक. एका बाजूला आपले एक राज्य, दुसऱ्या बाजूला एक अख्खा देश. पण यात कुणाला कमीपणा वाटला नाही. सामने कधी मद्रासला, कधी कोलंबोला होत आणि दोन दशकांहून अधिक काळ हा परिपाठ टिकला. जानेवारी १९६५ मध्ये अहमदाबादच्या अनधिकृत कसोटीत मायकेल टिसेरांच्या सिलोनने भारताला हरवले. १९७९ च्या विश्वचषकात श्रीलंकेने आपल्याला पुन्हा ४७ धावांनी नमवले. १९८१ मध्ये कसोटीचा दर्जा मिळाला आणि सप्टेंबर १९८२ मध्ये श्रीलंकेचा संघ चेपॉकवर आपल्याविरुद्धची पहिली कसोटी खेळायला उतरला, तेव्हा दुलीप मेंडिसने दोन्ही डावांत १०५ धावा काढल्या आणि सामना अनिर्णित राहिला. चेपॉकची खेळपट्टी त्या ड्रेसिंग रूमला परकी नव्हती. श्रीलंकेचे सारे यश गोपालन करंडकाच्या खात्यावर टाकता येणार नाही. कोलंबोच्या शाळांचे क्रिकेट आणि तिथले क्लब हा त्या यशाचा खरा पाया. पण त्या पायावर उभ्या राहिलेल्या खेळाडूला वर्षाकाठी एकदा तरी तीन दिवस टिकून खेळायला लावणारा शेजारी मद्रासमध्ये भेटत होता.

उलट उदाहरणही आपल्याला जवळचे आहे. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडिजचा डाव ९३ धावांत गुंडाळला. सात वर्षांनी मुंबईच्या संदीप पाटलांच्या मार्गदर्शनाखाली हाच संघ विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला. त्याला नंतर काय मिळाले? २००३-०४ मध्ये वेस्ट इंडिजच्या प्रादेशिक स्पर्धेत, म्हणजे कॅरिब बिअर चषकात, एक हंगाम खेळायला बोलावले गेले. कल्पना अगदी योग्य होती, पण ती तेवढ्यावरच थांबली. २००४ मध्ये केनियाच्या वाट्याला दोन एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने आले, २००५ मध्ये एकही नाही. तिथल्या मंडळातील भांडणे आणि खेळाडूंचे संप यांनीही त्या क्रिकेटचा घात केला, हे खरेच. पण चांगल्या संघाची उमेद ऐन बहरात असताना त्याला रिकामे बसवले की घरातली भांडणे अधिक पेटतात, हेही तितकेच खरे. नेपाळ आज त्याच वळणावर आहे. त्याच्या मंडळावर आयसीसीने २०१६ मध्ये कारवाई केली होती आणि ती उठायला २०१९ उजाडले.

आता चार दिवसांचाच आग्रह का, ते सांगतो. सहयोगी देशांसाठी आयसीसी इंटरकॉन्टिनेंटल चषक भरवत असे. तो आयर्लंडने चार वेळा, अफगाणिस्तानने दोन वेळा जिंकला आणि २०१७ मध्ये कसोटीचा दर्जा मिळाला तो नेमक्या याच दोघांना. त्याच वर्षाअखेरीस ती स्पर्धा बंद पडली. तेव्हापासून सहयोगी देशांच्या क्रिकेटपटूला मोठा डाव उभारायची किंवा तिसऱ्या दिवशी जुन्या चेंडूने गोलंदाजी करायची संधी जवळजवळ उरलेली नाही. नामिबिया निदान दक्षिण आफ्रिकेच्या प्रांतिक स्पर्धांत वर्षानुवर्षे खेळला. त्याच नामिबियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडहोकला दक्षिण आफ्रिकेला टी-ट्वेंटीत हरवले. नेपाळला असा शेजार फक्त आपणच देऊ शकतो. हांगझोला मंगोलियाविरुद्ध नऊ चेंडूंत पन्नास करणारा दीपेंद्रसिंग ऐरी नेपाळकडे आहे. असा फलंदाज ९० चेंडू खेळून ३० धावांवर नाबाद कसा राहील, हे त्याला कोण शिकवणार?

पहिला आक्षेप मला ठाऊक आहे: सामने एकतर्फी होतील. होतील, पहिली दोन-तीन वर्षे तर नक्कीच. पण एकतर्फी सामने मंडळाला नवे नाहीत. २०२२ मध्ये विजय हजारे चषकात तमिळनाडूने अरुणाचलविरुद्ध दोन बाद ५०६ धावा केल्या, एकट्या जगदीशनने २७७. तरी अरुणाचलला कुणी स्पर्धेबाहेर काढले नाही, काढूही नये. याच आक्षेपाची दुसरी बाजू अशी मांडली जाते की चार दिवसांचे क्रिकेट खेळूनही अफगाणिस्तान २०१८ ला बंगळुरूत आपल्याकडून दोन दिवसांत हरले. मात्र हे मांडणारे तिथेच थांबतात. पुढच्याच वर्षी अफगाणिस्तानने देहरादूनला आयर्लंडला आणि चट्टोग्रामला बांगलादेशाला कसोटीत हरवले, आणि देहरादूनचे मैदान आपणच दिले होते. बंगळुरूत ते जगातल्या सर्वांत तगड्या संघासमोर एकदम उभे राहिले होते. आधी दोन-तीन हंगाम कर्नाटक आणि सौराष्ट्राशी खेळून आले असते तर कदाचित तीन दिवस टिकले असते. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

दुसरा आक्षेप वेळापत्रकाचा, आणि तो गंभीर आहे. ऑक्टोबर ते मार्च या काळात रणजी, हजारे आणि मुश्ताक अली या स्पर्धांमधून आपल्या राज्य संघांना मान वर करायलाही फुरसत नसते. म्हणून रणजीत नेपाळला जागा द्या असे मी म्हणत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तमिळनाडूत बुची बाबू स्पर्धा भरते, राज्य संघ तिथे हंगामपूर्व बहुदिवसीय सामने खेळतात. त्याच महिन्यांत काठमांडूत पाऊस असतो, म्हणजे नेपाळला घरी खेळताच येत नाही. त्याला या स्पर्धेत कायमचे स्थान द्यायला अडचण कोणती? फक्त गट पाडताना त्याच्यासमोर मुंबईसारखा ४२ वेळा रणजी जिंकलेला संघ येईल असे पाहा, सगळे दुबळे संघ एकत्र करू नका. खर्चाबद्दल फार बोलावे असे वाटत नाही. आयसीसीच्या सध्याच्या वाटपात सुमारे ३८ टक्के एकट्या आपल्याकडे येतात आणि नव्वदहून अधिक सहयोगी देश मिळून सुमारे ११ टक्क्यांत भागवतात. तीन आठवड्यांचा निवास आणि प्रवास त्या ३८ टक्क्यांत कुठे जाणवणारही नाही.

‘हे काम आयसीसीचे’ असेही कुणी म्हणेल. तत्त्वतः ते बरोबर आहे. पण आयसीसीने चार दिवसांची स्पर्धा बंद केली तेव्हा आपण तिथे विरोध केला होता का? शिवाय शेजाऱ्याला दारात घ्यायला आपण फार वेळ लावतो. नोव्हेंबर २००० मध्ये ढाक्याला बांगलादेशाची पहिली कसोटी झाली ती आपल्याशीच, पण भारतात पहिली कसोटी खेळायला त्यांना फेब्रुवारी २०१७ उजाडले. नेपाळकडूनही काही मागा: घरच्या स्पर्धांत लांब सामने वाढवा, निवडीत ढवळाढवळ नको. आणि गोपालन करंडकासारखेच एक वर्षाआड आपला एखादा राज्य संघ कीर्तिपूरला पाठवा. तिथल्या डोंगरउतारावर बसलेल्या गर्दीसमोर खेळणे आपल्या विशीतल्या मुलांनाही सोपे जाणार नाही, आणि ते त्यांच्या भल्याचेच आहे.

पुढच्या हंगामाचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी तमिळनाडू क्रिकेट संघटनेला आणि काठमांडूला एकेक पत्र जावे, एवढीच अपेक्षा.

कळावे,
आपला,
एक क्रिकेटप्रेमी