झोळी विकत आणू नका, मुलांना बांधू द्या



उन्हाळी शिबिर म्हटलं की आपण लगेच खरेदीची यादी करतो. माझं मत जरा वेगळं आहे. झाडाला टांगायची झोळी मुलांनीच बनवावी.

लागतं काय? न विरलेली एक सुती साडी आणि जाड नायलॉनचा दोर. साडीची दुहेरी घडी घाला. दोन्ही टोकं चुण्या करून गोळा करा, घट्ट गाठ मारा. दोर गाठीच्या आत, झोळीच्या बाजूने बांधा, म्हणजे निसटत नाही. झाडाची साल काचू नये म्हणून दोराखाली गोणपाट घाला.

आता माझी चूक सांगते. पहिल्यांदा मी दोर अगदी ताठ बांधला. मूल बसलं आणि दोर तुटला! झोळी गुडघ्याएवढ्याच उंचीवर होती, म्हणून लागलं नाही. कारण नंतर समजलं. दोर आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूच्या दोरावर बसणाऱ्याच्या वजनाइतका ताण येतो. कोन 10 अंश झाला की तोच ताण जवळजवळ तिप्पट होतो. म्हणून झोळीला झोळ हवाच.

हे फळ्यावर कितीही समजावलं तरी हाताने बांधल्याशिवाय उमगत नाही. आधी मोठ्यांनी बसून बघायचं, मग मुलांनी. पण पडण्याच्या भीतीने मुलांच्या हातातला दोर काढून घेऊ नका. गाठ मारायला शिकवा.