कोयत्यातली बाई झोपते कधी?

कळंब, भूम, वाशी तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, हिशेबही कोयत्यावर, त्यामुळे बाई स्वतंत्र मजूर म्हणून कागदावर येतच नाही. तिच्या गर्भाशयाची चर्चा २०१९ साली झाली, तीही बीडपुरती. नीलम गोऱ्हे समितीच्या अहवालात आकडा आला: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले. दर सहा जणींमागे एक. धाराशिवच्या आयाबहिणीही असल्याच फडात राबतात. जिल्ह्याची हद्द आली म्हणून शरीर बदलत नाही.

तेव्हा बोट दाखवले गेले ते शस्त्रक्रिया करून पैसे उकळणाऱ्या खासगी दवाखान्यांकडे आणि खाड्याच्या दंडाकडे. ते बरोबरच होते. पण रात्रीबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

पहाटे कोपीत भाकरी थापायच्या, दिवसभर तोडणी करायची, मोळ्या बांधायच्या. मग रात्री बाराला येवो की तीनला, ट्रक आला की भरणी. डोक्यावर मोळी, पायाखाली अरुंद फळी. भरणी आटोपून पाठ टेकते तोच पुन्हा चुलीची वेळ. असे पाच-सहा महिने.

याचा पाळीशी काय संबंध, असे आपलेच काही शिकलेले मित्र विचारतात. संबंध आहे. मेंदूत शरीराचे मुख्य घड्याळ आहे आणि ते डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने लागते. अंधार पडला की मेलाटोनिन वाढते, उजेडात दबते. पाळी चालवणाऱ्या संप्रेरकांनाही वेळ याच घड्याळाकडून कळते. मेंदूतून जीएनआरएच थांबून थांबून सुटते, त्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच सोडते आणि एलएचची उसळी आली की अंडाशयातून बीज बाहेर पडते. बहुतेक स्त्रियांत ही उसळी पहाटे ते सकाळच्या दरम्यान सुरू होते. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या पेशींतही घड्याळाची जनुके असतात. (शरीरातले हे घड्याळ पेशीत कसे चालते, हे शोधणाऱ्यांना २०१७ चे नोबेल मिळाले.) झोपेची वेळ रोज मोडली की हा मेळ बिघडू शकतो. रात्रपाळी करणाऱ्या स्त्रियांत अनियमित पाळी जास्त आढळते. डेन्मार्कमधल्या २०१९ च्या अभ्यासात, आठव्या आठवड्यानंतर ज्या गरोदर स्त्रियांनी आठवड्यात दोन किंवा जास्त रात्रपाळ्या केल्या, त्यांना पुढच्या आठवड्यात गर्भपाताचा धोका ३२ टक्क्यांनी जास्त दिसला. त्या बाया पक्क्या नोकरीतल्या, पगारी. आपल्या बाईला तर पाळीची वेळही ठरलेली नाही.

रात्रीच्या भरणीनेच गर्भाशये गेली, असे आम्ही म्हणत नाही. ओझे आहे, संडास-पाण्याची वानवा आहे, जंतुसंसर्ग आहे, बालविवाह आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. अंगावरून जास्त जातेय म्हणून बाई दवाखान्यात गेली की तिला पिशवी काढायला सांगतात. तू झोपतेस कधी, हे विचारत नाहीत. सोबत अंडाशयेही काढली तर तिशीतच पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात. आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा त्याच फळीवर.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ६६ ने बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा कामावर ठेवायला मनाई केली. पुढे अटींवर सूट आली, पण अटी तरी आल्या. कारखान्याच्या गेटच्या आत कायदा आहे. त्याच कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या फडात नाही, कारण तिथे मालक म्हणून मुकादम पुढे केला जातो. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना मांडले होते की, बाईच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने तिच्या विश्रांतीचा भारही थोडा उचलावा. मग साखरेचा फायदा कोणाला होतो?

तोडलेला ऊस वाळला की उतारा घटतो, म्हणून रात्रीही गाडी पाठवावी लागते, हे कारखान्याचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. गाड्यांचे वेळापत्रक कारखानाच लावतो. ते दिवसाचे लावा, नाहीतर रात्रीची भरणी यंत्राने करा. बाईची मजुरी मात्र कापू नका, आणि उचलीच्या कागदावर तिचे स्वतंत्र नाव लिहा.

यंदा टोळ्या निघण्याआधी आणि परतल्यावर गावात आरोग्य तपासणी लावण्यासाठी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना निवेदन द्या. तपासणीच्या कागदावर दोन रकाने वाढवून घ्या: आठवड्यात किती रात्री भरणी केली, आणि शेवटची पाळी कधी आली. लिहून घ्यायला आपल्या शिकलेल्या मुली बसवा.