नवे अंगठेबहाद्दर

सही करता येत नसे त्यांना आपल्याकडे एके काळी 'अंगठेबहाद्दर' म्हणत. न वाचलेल्या कागदाखाली अंगठा उठवणाऱ्या त्या पिढीच्या वाड्या कोणाच्या घशात गेल्या, हे आपल्या वसईच्या पट्ट्यातील घरांना सांगायला नको. आता तेच विशेषण आपल्या तरुणांना बहाल झाले आहे. धर्मग्रामाच्या सभांतून, लग्नाच्या मांडवांतून, सणाच्या जेवणावळींतून एकच टोमणा ऐकू येतो : ही पोरे मोबाइलवर अंगठ्याने क्रांती करतात, उन्हात यायचे म्हटले की एकही दिसत नाही. या टोमण्यात थोडे सत्य आहे. त्याच्याशी माझे भांडण आहे ते उरलेल्या भागासाठी.

टोमणा मारणाऱ्या वडीलधाऱ्यांचेच दुसरे वाक्य आधी पाहा. 'मुले काही करत नाहीत' म्हणणारे वडील, मुलाने समाजमाध्यमावर एखाद्या बांधकामाविरुद्ध चार ओळी लिहिताच 'काढून टाक, पोलीस दारात येतील' म्हणून रात्रभर झोपत नाहीत. हे भय निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये आपल्या शेजारच्या पालघरात दोन तरुणींना अटक झाली होती. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरीने त्यांना पसंती दर्शवली होती, एवढाच काय तो अपराध. पण त्या प्रसंगाची पुढची गोष्ट आपण मुलांना सांगत नाही. श्रेया सिंघल या तरुणीने त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि ज्याच्या आधारे अशा अटका होत, ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 66 अ न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवले. अटकेची बातमी घरोघरी पोहोचली. निकालाची मात्र पोहोचली नाही.

आता तरुणांकडे वळतो, कारण त्यांचीही वकिली सरसकट करता येणार नाही. अंगठा दाबल्याने काय होते आणि काय होत नाही, याचा उत्तम धडा 2015 सालच्या इंटरनेट-समानतेच्या वादात आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, त्या वर्षीच्या मार्चमध्ये एक लांबलचक सल्लापत्र काढले. सामान्य माणूस ते वाचणार नाही, हे उघड होते. काही तरुणांनी ते वाचले, त्यातील वीस प्रश्नांची उत्तरे तयार केली, ती संकेतस्थळावर ठेवली आणि पाठवण्याची सोय करून दिली. दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. त्याच वर्षाअखेर फेसबुकनेही आपल्या 'फ्री बेसिक्स' योजनेसाठी वापरणाऱ्यांना एक तयार मजकूर देऊन तो 'ट्राय'कडे पाठवायला लावले. त्याही पाठिंब्याची संख्या लाखांत गेली. मात्र या वेळी प्राधिकरणाने विचारलेल्या चार प्रश्नांना त्या मजकुरात उत्तरच नव्हते आणि प्राधिकरणाने तसे फेसबुकला लेखी सुनावले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी नियम आला तो भेदभावाच्या दरांना मनाई करणारा. अंगठे दोन्हीकडे लाखोंनी उठले होते. फरक पडला तो, कोणी तरी मूळ कागद वाचून प्रश्नाला उत्तर दिले होते यामुळे.

हे ध्यानात ठेवून 2020 सालाकडे पाहावे. टाळेबंदीच्या ऐन काळात केंद्र सरकारने पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. जनसुनावणीच्या सूचनेची मुदत तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणणे, काम सुरू करून बसलेल्या प्रकल्पांनाही मागाहून परवानगी मिळण्याची वाट मोकळी करणे, अशा तरतुदी त्यात होत्या. आणि हा मसुदा होता फक्त इंग्रजी आणि हिंदीत! ज्यांच्या विहिरी, खाड्या आणि शेते त्याने बाधित होणार त्यांना तो वाचताच येऊ नये, ही केवढी सोय! दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जून 2020 रोजी हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांत आणण्यास सांगितले. सरकारने भाषांतर करण्याऐवजी त्या आदेशालाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्या दिवसांत मसुद्याचा सारांश प्रादेशिक भाषांत आणण्याचे काम केले ते घरात कोंडलेल्या महाविद्यालयीन मुलामुलींनी, कोणाचे मानधन न घेता. सतरा लाखांच्या आसपास हरकती जमा झाल्या. 'फ्रायडेज फॉर फ्यूचर' या युवा चळवळीच्या संकेतस्थळाविरुद्ध दिल्ली पोलिसांनी दहशतवादविरोधी कायद्याखाली नोटीस काढली आणि नंतर ती चूक असल्याचे सांगून मागे घेतली. अंगठ्यात काहीच बळ नसते, तर त्याला एवढा मोठा कायदा कशाला लावावा लागला असता?

मसुद्याची अंतिम अधिसूचना कधी निघाली नाही. मुलांनी जिंकल्याचे मानले आणि ती दुसऱ्या विषयाकडे वळली. पुढे 7 जुलै 2021 रोजी पर्यावरण मंत्रालयाने एक साधे कार्यालयीन ज्ञापन काढले आणि मागाहून परवानगीची तीच वाट त्यातून मोकळी झाली. ज्ञापनावर हरकती मागवल्या जात नाहीत आणि त्याला कोणी घोषचिन्हही लावत नाही. 'वनशक्ती' ही मुंबईची संस्था त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. मे 2025 मध्ये तिच्या बाजूने निकाल लागला. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने तोच निकाल बहुमताने मागे घेतला. लाखो हरकती पाठवणाऱ्यांपैकी या पाच वर्षांत त्या खटल्याकडे किती जणांचे लक्ष होते? तरुण मित्रांनो, हा प्रश्न तुम्हांला आहे. वादळ आणणे तुम्हांला जमते. पावसाळाभर बांध राखणे अजून जमायचे आहे.

गोव्यात ते बऱ्याच अंशी जमले. मोलेच्या अभयारण्यातून दुपदरी रेल्वे, रुंद महामार्ग आणि वीजवाहिनी नेण्याच्या तीन प्रकल्पांविरुद्ध 2020 मध्ये मुलांनी मोबाइलवरूनच चित्रे, नकाशे आणि माहिती पसरवली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरच्या रात्री चांदोर गावी माणसे रेल्वेरुळांवर जमली, त्यांत आजीही होत्या आणि नातवंडेही. 9 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली.

आपल्याकडे असे घडणार नाही, असे का मानावे? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली तेव्हा मोबाइल नव्हता. प्रवचने, पत्रके आणि पायपीट होती. मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रादेशिक आराखड्याचा मसुदा 2016 मध्ये आला तेव्हाही वसईतून हजारो हरकती गेल्या. म्हणजे कागदाची विद्या आपल्या वडीलधाऱ्यांपाशी आहे. मग ती मुलांच्या हाती का देत नाही? कारण युवा मंडळाकडून आपल्याला हवे असते ते मंडप सजवणे, खुर्च्या मांडणे आणि नाताळचा गोठा बांधणे. त्यांचे मत मात्र आपण मागत नाही. आणि मत न विचारलेल्या मुलाने ते मोबाइलवर मांडले, की त्याला हसतो.

माझी सूचना साधी आहे. रविवारी मिस्सानंतर धर्मग्रामाच्या सभागृहात एक टेबल मांडावे. एका बाजूला इंग्रजी मसुदा मोबाइलवर शोधून मराठीत समजावून सांगणारी विशीतली मुलगी बसावी. दुसऱ्या बाजूला ज्यांना गावातले प्रत्येक बावखल, प्रत्येक बांध आणि त्याचा गट क्रमांक तोंडपाठ आहे असे आजोबा. हरकत दोघांनी मिळून लिहावी, तिच्या दोन प्रती काढाव्यात, एक कार्यालयात द्यावी, दुसरीवर आवक-शिक्का घेऊन यावे आणि मग त्या शिक्क्याचे छायाचित्र गावाच्या गटावर टाकावे. पुढचे उत्तर येईपर्यंत त्याची आठवण ठेवण्याचे काम युवा मंडळाचे. सभागृह लग्नांसाठी लागते, भाडे बुडेल, अशी हरकत धर्मग्राम-मंडळात कोणी घेतलीच, तर तीही लेखी द्यावी.